सहीचे पान आणि चित्रांची पाने

आपल्या समाजात काही ग्रंथांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात. ते ग्रंथ मात्र सहसा कोणी उघडीत नाही. ‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे ‘मलबारचे उद्यान’, हा त्यांपैकी एक होय. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांची नावे या ग्रंथामुळे आपल्या कानांवर आलेली असतात. २० एप्रिल १६७५ रोजी त्यांनी कोंकणी भाषेत व नागरी अक्षरांत लिहून दिलेले साक्षपत्र पहिल्या खंडाच्या आरंभी छापले आहे. तेवढे एक पान पुन्हा पुन्हा दाखविले जाते आणि त्यावर भाषणे होतात. त्या पानाच्या मागे बारा खंड आहेत, सातशेहून अधिक वनस्पती आहेत आणि जवळजवळ आठशे चित्रफलक आहेत. साक्ष ज्यासाठी दिली ती वस्तू म्हणजे ही चित्रे. वकिलाने सहीच पाहावी आणि दस्तऐवज वाचू नये असा हा प्रकार आहे. प्रस्तुत लेखात त्या चित्रांकडे चित्रे म्हणून पाहावयाचे आहे.

थोडा पूर्ववृत्तान्त सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. १६६३ च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतले. १६७० ते १६७७ या काळात हेन्ड्रिक आद्रियान व्हान ऱ्हीड हा मलबारचा डच अधिकारी होता. गोव्यातील धर्मच्छळाला कंटाळून दक्षिणेकडे गेलेली आपली कुटुंबे त्यावेळी कोचीनमध्ये चांगली स्थिरावली होती. व्यापारात त्यांचा जम होता आणि वैद्यकातही त्यांस मान होता. व्हान ऱ्हीड जन्माने सरदार, पेशाने सैनिक. पण मलबारच्या अरण्यांनी त्यास वेड लावले. एकाच वृक्षावर नाना जातींच्या वेली, नाना आकारांची पाने व फुले एकत्र लोंबताना पाहून आपण थक्क झालो, असे त्याने तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. त्याच्या आज्ञेने माणसांच्या तुकड्या रानांत शिरत, ऋतूप्रमाणे फुला-फळांसह फांद्या आणीत. सोयीच्या ठिकाणी बसविलेले चित्रकार त्या ताज्या असतानाच उतरवून घेत, वैद्य नाव व गुण सांगत, आणि ते सारे पोर्तुगीज व डच या भाषांच्या वाटेने लॅटिनपर्यंत पोचे. लॅटिन मजकुराच्या प्रारंभीच्या भागास आकार देणारा योहानेस कासेआरियुस हा धर्मोपदेशक तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझाचा विद्यार्थी होता, ही गोष्ट विषयाला सोडून असली तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. १६७८ ते १६९३ या पंधरा वर्षांत ॲम्स्टरडॅम येथे बारा खंड निघाले. शेवटचा पाहावयास व्हान ऱ्हीड उरला नव्हता. १६९१ च्या डिसेंबरात तो समुद्रावर वारला आणि सुरतेस पुरला गेला.

या ग्रंथाची सुरुवात मात्र बैठकीत झाली नाही. ती वाटेवर झाली. फादर मॅथ्यू या नावाने ओळखला जाणारा एक इटालियन कार्मेलाइट साधू पश्चिम आशियातून फिरत फिरत मलबारात आला होता. वैद्यकाचा त्यास नाद होता आणि प्रवासात दिसेल ती वनस्पती टाकाने कागदावर काढण्याची सवय होती. त्याच्या या रेखाटनांनी व्हान ऱ्हीडच्या कल्पनेस चालना मिळाली. परंतु ग्रंथ करावयाचा म्हटल्यावर ती अपुरी ठरली. चित्रांचे काम नव्याने हाती घ्यावे लागले. आंतोनी याकोब्स गुटकिंट आणि मार्सेलिस स्प्लिंटर या चित्रकारांची नावे या नव्या कामाशी जोडलेली आहेत. पायी हिंडणाऱ्या साधूची वही मागे पडली आणि एका जागी बसलेल्या चित्रकाराचा फलक ग्रंथात गेला.

हा निर्णय योग्य होता काय? माझ्या मते ग्रंथाच्या हेतूने योग्य होता, पण त्यात काही गमावलेही. वाटेवरच्या रेखाटनात प्रवाशाला एक फूल, दोन पाने आणि फार तर देठाची वळणे एवढेच मिळते. तो आज फुलाच्या दिवसांत आला; फळाच्या दिवसांत तो दुसऱ्याच गावी असणार. श्रीताडाचेच उदाहरण घ्या. ज्याच्या पानांवर आपल्या कित्येक पोथ्या लिहिल्या गेल्या तो हा वृक्ष आयुष्यात एकदाच फुलतो, तोही कित्येक दशकांनंतर, आणि फळे पिकली की मरतो. तिसऱ्या खंडात ‘कोड्डा-पन्ना’ या मल्याळी नावाखाली या एका झाडास बारा फलक दिले आहेत. बारा खंडांच्या ग्रंथात एका झाडास बारा पाने! संपूर्ण झाड, पान, फुलोरा, फळ असे भाग करीत चित्रकार त्या अजस्र वस्तूभोवती जणू प्रदक्षिणा घालतो. कोणाही वाटसरूला हे साधणारे नव्हते. तेथे राहिले पाहिजे, वाट पाहिली पाहिजे, आणि कोणते झाड यंदा फुलणार हे जाणणारा स्थानिक माणूस हाताशी पाहिजे.

उलट बाजूही पाहावी. बसलेल्या चित्रकारापुढे फांदी येते, झाड येत नाही. फांदी रानातून तुटून आली की तिच्या भोवतालचे जग तुटते. ती सावलीत वाढली की उन्हात, कोणाच्या अंगाखांद्यावर चढली, जमिनीकडे लवली होती की आकाशाकडे वळली होती, हे सारे फांदी आणणाऱ्याच्या डोळ्यांत राहते आणि फलकावर येत नाही. पुष्कळ फलकांत फांदी कोऱ्या कागदाच्या मधोमध, पानाची पालथी बाजू दिसावी म्हणून एखादे पान मुद्दाम उलटे करून, अशी मांडलेली आहे की ती छायाचित्रकारापुढे बसलेल्या नवरदेवासारखी वाटते. सर्व काही स्पष्ट दिसते. पण घरच्या माणसांना तो ओळखीचा वाटत नाही.

पहिला खंड उघडला की हे अधिक जाणवते, कारण तो बहुतांशी आपल्या देवळाच्या आवाराचाच खंड आहे. आरंभी माड, मग पोफळ, केळ. पुढे चाफा, बकुळ, पारिजातक, बहावा. त्यानंतर उंबर, पिंपळ, वड. ज्यांच्या फुलांचे हार आपण देवाला घालतो आणि ज्यांच्या पारावर बसून पालखीची वाट पाहतो, ती झाडे येथे एकामागून एक येतात. गोव्याकडची आजी जिला ‘ओंवळ’ म्हणते ती बकुळ येथे ‘एलेंगी’ होऊन आली आहे. फांदी, पाने, फूल, फळ सारे ठाकठीक आहे. तथापि बकुळीचे फूल म्हणजे मुख्यतः पहाटे खाली पडलेले फूल. ते कोणी फांदीवर पाहत नाही. पारिजातकाचेही तेच. झाडाखालची ओली माती आणि तीवर पडलेला सडा हा आपल्या अनुभवाचा भाग या फलकांत नाही. शास्त्रीय चित्राकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे असे कोणी म्हणेल. मीही ती दोष म्हणून मांडीत नाही. या चित्रांकडून काय मिळणार नाही हे आधीच ठरवून घेतले म्हणजे मिळते त्याचे मोल कळते, एवढ्यासाठीच हे लिहिले.

खरा आनंद मला मिळाला तो पुढच्या खंडांत, जेथे वेली आणि रानटी झुडपे येतात. सातव्या खंडातील ‘मेंदोनी’चा सत्तावन्नावा फलक पाहावा. ही आपली कळलावी. विंध्याचा घाट उतरून नर्मदेकडे जाताना पावसाळ्यात झुडपांच्या आधाराने वर आलेली ही लाल-पिवळी ज्वाळा इंदूरकरांनाही परिचित आहे. कोंकणात ती कुंपणाकुंपणावर आढळते. या वेलीचे गुपित तिच्या पानात आहे. पानाचे टोकच लांब होऊन तणावा बनते आणि शेजारच्या काडीला मिठी मारते. त्यासाठी वेगळा अवयव नाही. फुलाच्या पाकळ्या मागे उलटलेल्या असतात आणि केसरदंड बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो, जणू घरातल्या मंडळींशी त्याचे पटत नाही. हौशी माणसाने ही वेल काढली की तो फुलाच्या रंगावर भाळतो आणि पानाचे टोक साध्या पानासारखे संपवून टाकतो. येथे रंग नाहीच. सारा ग्रंथ काळ्या शाईत आहे. म्हणून डोळा सरळ त्या टोकांकडे आणि वळणांकडे जातो. रंगाच्या अभावाने चित्र गरीब होण्याऐवजी प्रामाणिक झाले आहे.

तसाच बारावा खंड. त्याचा पहिलाच फलक ‘आंजेली-मारवारा’चा, म्हणजे सह्याद्रीत जिला सीतेची वेणी म्हणतात त्या आमरीचा. आंजिली म्हणजे पाटफणसाच्या जातीचे झाड. त्यावर वस्ती करणारी ती आंजेली-मारवारा. चित्रातून जे तुटून गेले होते ते येथे नावाने परत आणले आहे. ही वनस्पती कोठे राहते हे सांगणारा माणूस कागदावर चित्र काढीत नव्हता, पण त्याने नाव ठेवतानाच तिचा पत्ता लिहून ठेवला. स्थानिक नावे का जपावी याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. लॅटिन नाव वनस्पतीचे गोत्र सांगते. गावचे नाव बहुधा तिचे घर, तिचा ऋतू किंवा तिचा उपद्रव सांगते. ‘कळलावी’ या शब्दात केवढा अनुभव साठलेला आहे हे कोणत्याही सुईणीला विचारावे.

आता दोष. पहिला दोष अंतराचा आहे. चित्रे कोचीनला काढली गेली, तांब्याच्या पत्र्यावर ती कोरली गेली ॲम्स्टरडॅमला. कोरणाऱ्या कारागिराने ते झाड कधी पाहिलेले नव्हते. त्याचा हात सराईत होता, आणि सराईत हात हा अनोळखी वस्तूच्या बाबतीत धोक्याचा असतो. जेथे मूळ रेघ त्यास कळत नाही तेथे तो आपल्या सवयीची रेघ घालतो. म्हणूनच काही फलकांतील पानांची रांग नको तितकी सारखी आणि शिरांची जाळी नको तितकी व्यवस्थित वाटते. दुसरा दोष फुलांच्या अंतरंगाचा. फळ चिरून बी दाखविण्याची काळजी पुष्कळ ठिकाणी घेतली आहे, पण फुलाची उकल पुढच्या शतकातील चित्रांइतकी नाही. केसर मोजून वर्ग ठरविण्याची लिनेयसची पद्धत यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता, हे त्याचे कारण. तिसरा दोष मुखचित्राचा, आणि तो मला सर्वांत अधिक खटकतो. उद्यानात वनस्पतिविद्येची देवता आसनस्थ आहे आणि तिच्यापुढे काही आकृती गुडघे टेकून कुंडीतली रोपे अर्पण करीत आहेत. हिंदुस्थानने ज्ञान दिले ते नजराणा म्हणून, अशी त्या चित्राची भाषा. पान उलटून पुढे गेले की साक्षपत्रांत मलबारचे वैद्य स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या सहीने, आपल्या शास्त्राच्या आधारे सांगतात. एकाच पुस्तकात ही दोन पाने एकमेकांस खोटे पाडीत बसली आहेत.

या साक्षपत्रांविषयी दोन शब्द वकिलीच्या दृष्टीने लिहिणे भाग आहे. आपल्याकडे असा समज रूढ आहे की नागरी अक्षरे प्रथम छापली गेली ती याच ग्रंथात. हा समज सोडून द्यावा. १६६७ साली आथानासिउस किर्खरच्या ‘चायना इलुस्त्राता’ या ग्रंथात नागरी अक्षरांचे कोरीव फलक आलेले आहेत. आपल्या वैद्यांच्या साक्षपत्राचे महत्त्व पहिलेपणावर अवलंबून नाही. ते महत्त्व असे की ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच लॅटिन, मलबारी, अरबी आणि ‘ब्राह्मणांची’ अक्षरे व नावे दिली असल्याची घोषणा आहे, आणि ते ‘ब्राह्मणांचे’ नाव म्हणजे कोंकणी नाव. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घरगुती कोंकणीतील झाडांची नावे तारीखवार, ठिकाणासह, चित्राच्या पुराव्यानिशी नोंदलेली आहेत. एखाद्या भाषेस याहून अधिक मोलाचा दप्तरी कागद क्वचितच लाभतो.

पण साक्ष कशाची? मौखिक साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे, ज्याने पाहिले त्याने पाहिल्याचे सांगावे, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ६० मध्ये होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे. त्या कसोटीने पाहता तिघे वैद्य नाव आणि गुण यांचे प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. निघंटूतील श्लोक त्यांच्या मुखात होते. वनस्पती समोर येताच ते श्लोक म्हणून तिची ओळख पटवीत आणि मतभेद झाला तर नम्रतेने वाद करीत, हे व्हान ऱ्हीडने कौतुकाने नमूद केले आहे. झाडावर चढून फांदी तोडणारे मात्र निराळे होते. ज्या वैद्याच्या पोथीचा व अनुभवाचा आधार ग्रंथास मिळाला त्या इट्टी अच्युतन या करप्पुरमच्या मल्याळी वैद्याचेही साक्षपत्र त्याच खंडात, त्याच दिवशीच्या तारखेचे, त्याच्या लिपीत आहे. आपल्या सभांत त्याचे नाव किती वेळा घेतले जाते? केरळात त्याच्या घराण्याचा गौरव होतो आणि आपल्याकडे आपल्या तिघांचा होतो. पुस्तक एक असून दोन अर्धी पुस्तके वाचली जातात. ज्ञातीचा अभिमान मला वर्ज्य नाही. परंतु अर्धा दस्तऐवज हजर करणाऱ्या पक्षकाराविषयी न्यायालय काय समजते हे सांगायला नको. आणि झाडावर चढणाऱ्यांची साक्ष तर कोणत्याच लिपीत घेतलेली नाही.

चित्राचा पुरावा मात्र फार दूरवर चालला. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये लिनेयसने या फलकांचा वारंवार हवाला दिला आहे. स्वतः मलबार न पाहिलेल्या त्या माणसाने पुष्कळ वनस्पतींची नावे या चित्रांवर विसंबून ठेवली. वनस्पतींच्या नामकरणाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांनुसार प्रत्येक नावास एक मूळ आधार लागतो. तो बहुधा वाळविलेला नमुना असतो. पण जुन्या नावांच्या बाबतीत चित्रही चालते. अशा कित्येक नावांचा आधार म्हणून आज व्हान ऱ्हीडचे फलक मान्य आहेत. सपुष्प वनस्पतींच्या नव्या नावांसाठी १ जानेवारी २००७ पासून प्रत्यक्ष नमुनाच हवा, केवळ चित्र पुरत नाही. म्हणजे कोचीनच्या त्या बैठकीत काढलेली रेघ अजूनही जगातील वनस्पतिशास्त्राच्या दरबारात अस्सल दस्त म्हणून उभी राहते, आणि आज कोणी काढलेली रेघ तशी उभी राहू शकत नाही. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याचा मोठा भाग या ग्रंथावर घालविला, त्यातील वनस्पती रानोमाळ पुन्हा शोधल्या आणि लॅटिनमधून केलेले त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये व मल्याळी भाषांतर २००८ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. चित्र घेऊन रानात जावे आणि झाड शोधावे, हा व्हान ऱ्हीडच्या उद्योगाचा उलटा प्रवास त्यांनी केला. चित्रे खरी होती म्हणूनच तो करता आला.

तुलनेसाठी मागे गोव्याकडे वळू. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधिसंवादांत चित्रे नाहीत. ओर्ताचे गद्य इतके चैतन्याचे आहे की ती उणीव जाणवत नाही, पण वनस्पती ओळखावयाची झाली की वाचक अडखळतो. पुढे क्रिस्तोव्हाँव दा कॉस्ता याने १५७८ साली बुर्गोस येथे आपला ग्रंथ काढला आणि मुखपृष्ठावरच सांगितले की वनस्पती प्रत्यक्ष पाहून, सजीव काढल्या आहेत. प्रवासी चित्रकाराचा हा दावा. पण लाकडी ठशांतून उतरलेली ती चित्रे ठोकळेबाज आहेत. प्रत्यक्ष पाहिल्याची ग्वाही मुखपृष्ठावर छापून रेघेत ती उतरत नाही.

प्रवासातच काढलेल्या चित्रांचे समर्थन करावयाचे तर मला एकोणिसाव्या शतकातील मरिअन नॉर्थ या इंग्रज बाईंचे नाव घ्यावे लागेल. १८७७ ते १८७९ या काळात त्या हिंदुस्थानात हिंडल्या आणि जागेवर बसून तैलरंगांत वनस्पती रंगवीत गेल्या. क्यू येथील त्यांच्या दालनात आठशेहून अधिक चित्रे आहेत. त्यांची फुले शास्त्रज्ञाच्या कसोटीस नेहमी उतरत नसतील, परंतु त्यांच्या चित्रात झाडामागे डोंगर असतो, फुलाशेजारी ओढा असतो. बोर्निओत १८७६ साली त्यांनी रंगविलेली एक घटपर्णी जाणकारांस नवी वाटली, आणि जोसेफ हूकरने तिला पुढे त्यांचेच नाव दिले. घाईच्या रेखाटनातही साक्ष असू शकते. मात्र पाहणाऱ्याने घाई हाताने करावी, डोळ्यांनी करू नये.

महाराष्ट्रातील प्रकरण याहून निराळे आणि काहीसे खेदकारक आहे. पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० च्या दरम्यान सुमारे १७० रंगीत वनस्पतिचित्रे तयार झाली. ती एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहून ती उजेडात आणली. रंग मोकळा, देठांस वजन आहे, पानांची जाडी बोटांना जाणवावी अशी रंगविली आहे. चित्रकार कोण? ‘पोर्तुगीज-भारतीय’ एवढीच त्याची ओळख, नाव नाही. पोर्तुगीज-भारतीय म्हटले की आपले मन गोव्याकडे धावते. बागेचा अधिकारी इतिहासात आहे, गव्हर्नर आहेत, ज्याच्या हाताने हे सारे झाले तो मात्र एका जातिवाचक शब्दात संपला. याच काळात मद्रासेकडे रॉबर्ट वाइट याने आपल्या तेलुगू चित्रकारांची, रंगिया आणि गोविंदू यांची, नावे चित्रांवर येऊ दिली, इतकेच काय, एका आमरीच्या वंशास गोविंदूचे नाव दिले. तेव्हा काळच तसा होता ही सबब येथे टिकणार नाही. १६७८ साली ॲम्स्टरडॅमला कोंकणी वैद्यांच्या सह्या त्यांच्या अक्षरांत कोरल्या गेल्या होत्या, आणि पावणेदोनशे वर्षांनंतर पुण्याच्या वेशीवर एका चित्रकाराला सही करावयास जागा मिळाली नाही.

इंदुरात राहून या विषयावर लिहिताना स्थानिक चित्रपरंपरेकडे पाहिल्याखेरीज राहवत नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या चित्रशाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखा निसर्गचित्रकार निघाला, जो काश्मीरपासून दक्षिणेपर्यंत हिंडला. बेंद्रे यांच्या चित्रात झाड आहे ते प्रकाशाचा एक पुंजका म्हणून. ते आंब्याचे की कडुनिंबाचे असा प्रश्न मनात येत नाही, आणि आला तर तो अरसिकपणा ठरेल. विष्णु चिंचाळकर गुरुजींनी वेगळीच वाट धरली. वाळके पान, मूळ, शेंग, साल उचलावी आणि तिच्यातच दडलेली आकृती दाखवावी, असा त्यांचा मार्ग. दोघांचाही निसर्गावर जीव होता. परंतु झाडाला त्याच्या नावाने हाक मारण्याची गरज एकासही भासली नाही. चित्रकलेच्या शिक्षणात ‘निसर्गचित्र’ आणि ‘वनस्पतिचित्र’ यांची फारकत आपण जी करून टाकली तिचा हा परिणाम आहे. पहिले कलावंताकडे गेले, दुसरे प्रयोगवहीत पेन्सिलीने गुण मिळविण्यापुरते उरले. होर्तुसच्या उत्तम फलकांत ही फारकत झालेली नाही. श्रीताडाचे चित्र पाहताना शास्त्र कोठे संपते हे कळत नाही.

देवस्थानांच्या विश्वस्त मंडळींपुढे एक सूचना ठेवतो. साक्षपत्राची मोठी प्रत मढवून लावण्यास जो खर्च येतो त्याच खर्चात पहिल्या खंडातील आपल्या आवारातल्या झाडांचे फलक छापता येतील. जुन्या आवृत्तीवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपलेले असल्याने त्यास कायद्याची अडचण नाही. प्रत्येक फलकाखाली १६७८ चे कोंकणी नाव असावे, आणि शेजारी मंगळूर, कुमठा, मडगाव, कोचीन येथील घरांत आज चालणारे नाव. ही आजची नावे कोशातून घेऊ नयेत. मुलांना वह्या देऊन सुटीत आजोळी पाठवावे. कुंपणावरची, ओढ्याकाठची, परसातली एक एक वनस्पती त्यांनी बसून काढावी, चित्र वाकडे आले तरी चालेल. पानाखाली गाव, तिथी, झाड उन्हात आहे की सावलीत, आणि कशाच्या आधाराने वाढले आहे, एवढे लिहावे. नाव ज्याने सांगितले त्याचे नाव त्याच्या हातून लिहून घ्यावे, मग ती आजी असो वा माडावर चढणारा पाडेली असो. लिहिता येत नसेल तर अंगठा घ्यावा.